एकेचाळीस ठिपके

कॅलेंडरचे दुसरे पान उलटले आणि मोठ्या काकूंनी हातातला कप बशीत असा आपटला की धाकट्या जाऊबाई दचकून म्हणाल्या, "अहो, सावकाश! सहाच्या सहा कप शाबूत असलेला या घरातला हा पहिला सेट आहे."

काकूंचे लक्ष कपाकडे नव्हते. त्यांनी तिसरे पान उलटले, चौथे उलटले. मग चष्मा काढून रुमालाने पुसला, परत घातला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

छापखान्याच्या माडीवरची ती लांबट खोली सकाळपासून माणसांनी आणि खोक्यांनी भरली होती. खाली यंत्रे बंद होती, तरी शाईचा आणि रॉकेलचा वास जिन्यावरून वर येतच होता. साठ वर्षे मुरलेला वास एका दिवसाच्या सुट्टीने जात नाही. त्या साठ वर्षांसाठीच संध्याकाळी पाच वाजता समोरच्या सभागृहात कार्यक्रम होता. भिंतीलगत तपकिरी कागदात बांधलेले बारा गठ्ठे होते, एकेका गठ्ठ्यात पन्नास कॅलेंडरे. आणि टेबलाभोवती सगळे घर काकूंच्या तोंडाकडे बघत बसले होते. काकूंना आनंदाने रडताना बघायचे म्हणून.

"कसं वाटलं?" पुतण्याने विचारले. त्याला सगळे मॅनेजर म्हणत, कारण आठव्या वर्षीच तो दारात उभा राहून कामगारांना उशीर का झाला म्हणून विचारायचा. आता तो खरोखरच छापखाना चालवत होता. "बोला ना मोठ्या काकू! मुखपृष्ठावर तुमचा फोटो, खाली तुमचं पूर्ण नाव. बारा महिने, बारा चित्रं. कळू दे लोकांना आमच्या घरात कोण बसलंय ते."

"ही चित्रं माझ्या कपाटात होती."

"होती ना."

"कपाटाला कुलूप होतं."

मॅनेजर हसून काकूंच्या लेकीकडे बघू लागला. लेक गेल्या महिन्यात आठ दिवस राहून गेली होती. रोज आईचे गुडघे चोळून देत होती. त्या मायेचा उलगडा काकूंना आत्ता झाला.

"मीच दिली त्याला," लेक म्हणाली. "सरप्राइज होतं आई."

"ठिपके कुठे गेले?"

"कसले ठिपके?"

"लाल. प्रत्येक चित्रावर होते."

"हां, ते डाग!" मॅनेजरचा चेहरा उजळला. कौतुक व्हायची वेळ आता आली, असे त्याला वाटले. "दोन रविवार बसलो होतो काकू. एकेक डाग स्क्रीनवर मोठा करायचा, बाजूची नक्षी उचलायची नि वर बसवायची. आता भिंग घेऊन शोधा, सापडायचा नाही."

"आणि चित्राखाली मी लिहिलं होतं ते?"

"ते कापावं लागलं. तारखांचे चौकोन बसत नव्हते. तसंही पेन्सिलीनं पुसट होतं, छपाईत उठलंच नसतं."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र चढला नाही. रागावल्यावर त्यांचा आवाज खाली जायचा, आणि घरातल्या जुन्या माणसांना धास्ती असायची ती त्या खाली गेलेल्या आवाजाची. टेबलाच्या टोकाला बसलेल्या धाकट्या दिरांनी हातातले वर्तमानपत्र मिटले.

"बारा चित्रांखाली मी बारा वेळा एकच गोष्ट लिहिली होती," काकू म्हणाल्या. "नक्षीवाल्यांच्या चित्रावरून. पान अमुक. अभ्यासासाठी. एवढंच कापलंस तू. आणि वर माझं नाव छापलंस."

"म्हणजे?"

"म्हणजे ही चित्रं माझी नाहीत. चोरीचा माल घेऊन पाच वाजता मला समोर उभी करणार आहात तुम्ही."

मग जाऊबाईंनीच तोंड उघडले. शांतता त्यांना सोसतच नसे. "चोरी काय त्यात? बघून काढली, तरी काढली तुम्हीच ना? मी एक रेघ सरळ मारून दाखवते का बघा."

"तुम्ही मारू नका. आहेत त्या रेघांवरूनच भांडण पुरे झालंय," काकू म्हणाल्या.

नक्षीवाले हे नाव छापखान्यातल्या कामगारांनी ठेवलेले. शेहेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी मुलांच्या एका पुस्तकाची चित्रे केली होती. एका म्हातारीच्या घरातली भांडी, चादरी, खुर्च्या एकेक करून तिला सोडून जातात आणि शेवटी परत येतात, अशी साधीच गोष्ट. पण चित्रांत बोट ठेवायला जागा नव्हती. चादरीवर खवले, भिंतीवर उभ्या रेघा, पडद्यावर पाने, पानांत शिरा आणि शिरांच्या मध्ये टिंबे. बारीक रेघांत शाई भरून बसायची आणि मशीनवाला दर शंभर प्रतींमागे ब्लॉक धुताना नक्षीवाल्यांच्या नावाने बोटे मोडायचा. काकू तेव्हा बांधणीत बसून त्याच पुस्तकाच्या छापील फर्म्यांच्या, म्हणजे अनेक पाने एकत्र छापलेल्या मोठ्या तावांच्या, घड्या घालत. त्यांना अक्षरओळख नव्हती. पानाचा आकडा ओळखता आला की घडी घालता येते. म्हातारीचे घर त्यांनी हजारो वेळा पाहिले, आणि त्यातल्या निम्म्या वेळा उलटे, कारण फर्म्यावर अर्धी पाने डोक्यावर उभी असतात.

पाच वर्षांपूर्वी यजमान गेले. त्यांच्या टेबलाच्या खणात ते पुस्तक सापडले आणि काकूंनी पुठ्ठ्यात एक इंचाचा चौकोन कापला. तो चित्रावर ठेवायचा आणि आत दिसेल तेवढेच काढायचे. दिवसाला एक चौकोन. एका चित्रात त्रेसष्ट चौकोन, अशी बारा चित्रे. मधले खाडे धरून अडीच वर्षे लागली. रेघ अशी का गेली ते जिथे कळायचे नाही, तिथे लाल पेन्सिलीचा ठिपका द्यायचा. पुढे कधी कळले तर त्या ठिपक्याभोवती गोल काढायचा. एकूण ठिपके एकेचाळीस. गोल मिळालेले एकोणीस.

हे सगळे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते.

"काकू, ऐका," मॅनेजर खुर्ची पुढे ओढत म्हणाला. त्याने गिऱ्हाइकाला समजावायचा आवाज लावला होता. "कोणाला आठवतंय ते पुस्तक? छत्तीस जुन्या पुस्तकांपैकी एक. बाजारात नाही, वाचनालयात नाही. ओळखणार कोण?"

"नक्षीवाले ओळखतील."

"ते असतील तर ना!"

"आहेत," धाकटे दीर म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. दीर कमी बोलत. चाळीस वर्षे छपाईचे खिळे जुळवून जुळवून त्यांना शब्द मोजायची सवय झाली होती.

"जुन्या मंडळींची यादी मी केली," ते म्हणाले. "त्यांना स्वतः जाऊन सांगून आलो. येतो म्हणाले. पहिल्या रांगेत खुर्ची आहे त्यांची."

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि हे मला आत्ता कळतंय! कुठे जातो विचारलं, तर चष्म्याची काडी बसवायला जातो म्हणालात. चारदा गेलात!"

"काडी पण बसवली."

"भाऊजी," काकूंचा आवाज आणखी खाली गेला. "या कॅलेंडरचं प्रूफ तुम्ही तपासलंत?"

"तारखा तपासल्या."

"चित्रं दिसली नाहीत तुम्हाला?"

दिरांनी वर्तमानपत्राची घडी आणखी लहान केली. "दिसली. ओळखली पण. म्हटलं, तुम्हीच हो म्हणाला असाल. सगळं घर खुशीत होतं. आपण कशाला मध्ये बोला."

"म्हणजे त्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्या रांगेत बसवायचं, त्याचीच बारा चित्रं त्याच्या हातात द्यायची आणि वर माझा हसरा फोटो. आणि आपण कशाला मध्ये बोला!"

"हसरा नाहीये तो फोटो," जाऊबाई पुटपुटल्या. "ओळखपत्रावरचा आहे."

काकू उठल्या. गुडघा कुरकुरला, त्यांनी टेबलाचा आधार घेतला. "हे वाटायचं नाही. गठ्ठे आहेत तिथेच राहतील."

"असं कसं म्हणता!" मॅनेजरही उठला. "निमंत्रणावर छापलंय. कॅलेंडरचं प्रकाशन, मोठ्या काकूंचा सत्कार. लोक विचारतील ना!"

"मग सांग त्यांना खरं."

"आजच्या दिवशी?" त्याने जिन्याकडे हात केला. जिन्याच्या तोंडाशी मालकांनी, म्हणजे काकूंच्या सासऱ्यांनी, रंगवून घेतलेली पाटी होती. पाचही जणांना ती तोंडपाठ होती. 'या छापखान्यातून शुद्धिपत्र निघत नाही.' पुस्तकात चूक राहिली की मागाहून जी चिठ्ठी चिकटवतात, ती इथून एकदाही गेलेली नाही, हा घराण्याचा अभिमान होता. "आज त्या पाटीची पितळी प्रत लावायचीय सभागृहात. माझं अर्धं भाषण त्याच्यावर आहे. साठ वर्षांत एक शुद्धिपत्र नाही! आणि मी काय उभा राहून म्हणू, आमच्या घरातच चोरी झाली?"

"झाली ना पण."

आता लेकीचा बांध फुटला. "चोरी, चोरी काय लावलंयस आई? मला वाटलं एकदा तरी तुझ्यासाठी टाळ्या वाजाव्यात. जन्मभर तू बांधणीत घड्या घातल्यास. बाबांचं नाव झालं, काकांचं झालं. तुझं काय? कपाट उघडलं तर हे असलं काम! मी तिथेच जमिनीवर बसून रडले. आणि आता म्हणतेस माझं नाही. मग तुझं स्वतःचं काय आहे त्यात? काहीच नाही?"

हे वर्मी लागले. काकूंनी लेकीकडे पाहिले. ती रागाने बोलत नव्हती, खरेच विचारत होती, हे त्यांना दिसत होते, आणि म्हणूनच ते जास्त बोचले.

"ठिपके," त्या म्हणाल्या. "ठिपके माझे होते."

"ते डाग?" मॅनेजर म्हणाला.

"परत डाग म्हणालास तर कान उपटीन. भिंग आण."

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि कापडात गुंडाळलेले पुस्तक घेऊन आल्या. छापील पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्यांनी म्हातारीच्या स्वयंपाकघराचे चित्र काढले आणि लेकीला जवळ बोलावले. "म्हातारीच्या तोंडावर किती रेघा आहेत? मोज."

लेकीने नाक पुसले. "तीन."

"आणि तिच्या अंगावरच्या चादरीवर?"

"शंभर? दोनशे?"

"तीनशे बारा खवले. मी काढलेत, मला माहीत आहे. सगळ्या घराला नक्षी आणि तिचा चेहरा मोकळा. तिथे काहीच नाही, म्हणून नजर तिथेच जाते. आणि बघ, भिंत कुठे संपते नि चादर कुठे सुरू होते, तिथे रेघ आहे का?"

लेक वाकली. "आहे... नाही. नाहीये."

"नाहीये. कडेची रेघ हा माणूस काढतच नाही. उभ्या रेघा थांबतात, खवले सुरू होतात, कड आपोआप दिसते. मी चाळीस चौकोन कडा काढत बसले होते. मग कळलं, खोडून टाकल्या." काकूंनी पुढचे पान काढले. "आता हे बघ. चार खुर्च्या. वेताच्या पाठी. विणकाम कसं आहे?"

मॅनेजर भिंग घेऊन आला होता. त्याने पाहिले. "सारखं आहे."

"नीट बघ."

"तीन सारख्या. चौथीची वीण... जरा तिरकी आहे. हात हलला असेल त्यांचा."

"मलाही तेच वाटलं. ठिपका दिला. सत्ताविसावा. चार महिने रोज ते पान उघडायची. हा माणूस तीनशे खवल्यांत एक चुकत नाही आणि इथे कसा चुकला? मग एक दिवस लक्षात आलं. तिरकी वीण कुठल्या बाजूला कललीय?"

"दाराकडे," लेक म्हणाली.

"पान उलट."

लेकीने उलटले. पुढच्या पानावर म्हातारी झोपली होती, तीन खुर्च्या जागेवर होत्या आणि चौथी उंबऱ्यापलीकडे पाय टाकत होती.

"अगं बाई," जाऊबाई म्हणाल्या. "निघायचं मनात आलं होतं तिच्या आधीच."

"मनात आलं होतं," काकू म्हणाल्या. "कोणाला दिसायला नको, पण आलं होतं. तेवढ्यासाठी त्या माणसानं दोन बोटं वेत तिरका काढला. त्या दिवशी मी ठिपक्याला गोल केला आणि दुपारभर कोणाशी बोलले नाही. आता तुझ्या कॅलेंडरचं सातवं पान काढ, मॅनेजर. बघ तिथं."

मॅनेजरने कॅलेंडर उलटले, भिंग लावले. बराच वेळ तो वर बघेना. ठिपका होता तिथे त्याने बाजूची वीण उचलून बसवली होती, सफाईने, कुठे जोड दिसत नव्हता. चारही खुर्च्या एकसारख्या, सरळ, आज्ञाधारक उभ्या होत्या.

"सरळ केली मी," तो म्हणाला.

"सरळ केलीस. मला कळायला चार महिने लागले ते तू एका रविवारी पुसलंस आणि वर सांगतोस, शोधून दाखवा. त्यांची चित्रं माझ्या नावावर केलीस, आणि माझं जे होतं, इथे कळलं नाही, इथे कळलं, एवढंच माझं होतं, ते डाग म्हणून धुतलंस. दोघांनाही लुटलंस रे एका फटक्यात!"

मॅनेजर खाली बसला. त्याचा समजावायचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "पण आता काय करू? फिरून छापायला चार दिवस लागतील."

"शुद्धिपत्र काढ."

"काकू, ती पाटी..."

"पाटी काढ नाहीतर शुद्धिपत्र काढ. दोन्ही एका भिंतीवर राहणार नाहीत."

"मालकांचा शब्द होता तो," मॅनेजर हळूच म्हणाला. "आजोबा असते तर..."

"असते तर यालाही नाहीच म्हणाले असते," दीर मध्येच म्हणाले. "याच नक्षीवाल्यांना आधी एकदा नाही म्हणाले होते."

जाऊबाई नवऱ्याकडे वळल्या. "अजून काही आहे का पोटात? आज सगळं काढूनच टाका. चष्म्याची काडी झाली, आता काय?"

दिरांनी पुस्तक ओढून घेतले आणि आतले पहिले पान उघडले. "वहिनी, हे तुमचं पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचं आहे. इथे चित्रकाराचं नाव आहे का?"

काकूंनी पाहिले. त्या पानावर छापखान्याची ठसठशीत जाहिरात होती. अडीच वर्षे त्या पुस्तकाशी बसल्या होत्या, पण या पानावर नक्षी नव्हती, म्हणून कधी थांबल्या नव्हत्या. आणि नाव शोधायची गरजही कधी वाटली नव्हती. छापखान्यात तो माणूस नक्षीवालेच होता.

"पहिल्या आवृत्तीत होतं," दीर म्हणाले. "दुसरीला मालकांना जाहिरात मोठी हवी होती. ओळ बसेना. नावाची ओळ काढा म्हणाले. नक्षीवाले पुस्तक घेऊन आले होते इथे. वाद घातला नाही. एक चिठ्ठी चिकटवा, एवढंच म्हणत होते. मालकांनी पाटी दाखवली."

काकूंना ते आठवले. अडतीस वर्षांपूर्वीची दुपार. बांधणीच्या दारात उभा एक उंच माणूस, हातात पुस्तक, अंगठा आतल्या पानावर दाबलेला. काकूंना तेव्हा वाटले होते, छपाईत शाई भरली म्हणून आला असेल. त्यांनी मान खाली घालून घड्या घातल्या होत्या. त्या घड्या त्याच पानाच्या होत्या.

"ओळ काढली कोणी?" त्यांनी विचारले.

दिरांनी पुस्तक मिटून ठेवले.

"भाऊजी. कोणी काढली?"

"दादानं. स्वतःच्या हातानं उचलली, माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, खिळे सोड खणात. मी सोडले."

भिंतीवर यजमानांचा फोटो होता. काकूंनी तिकडे पाहिले नाही. याच माणसाने त्यांना सत्तेचाळीसाव्या वर्षी अक्षरे शिकवली होती, शिशाचे खिळे हातात देऊन. खिळ्यावर अक्षर उलटे असते, म्हणून काकू उलटे वाचायला आधी शिकल्या आणि सुलटे मागाहून. पहिला शब्द म्हणून त्याने त्यांचे नाव जुळवून दिले होते. म्हणाला होता, माणसाचं नाव छापलं की ते कुठे जात नाही. इतक्या वर्षांत एकदाही त्याने ही ओळ सांगितली नाही. पुस्तक मात्र खणात जपून ठेवले.

"बाबांनी?" लेक म्हणाली.

जाऊबाईंनी पहिल्यांदाच आवाज न करता कप गोळा केले, टेबल मोकळे केले आणि फडके मारले. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघतोस काय? साडेअकरा झाले. सहाशे चिठ्ठ्या कापायला किती वेळ लागतो? मी खळ करते. माझ्या सासऱ्यांचा शब्द मोडायचा तर गरम गरम खळीनं मोडू."

"अगं आई, तू पण?"

"मी मघाशी तुझ्या बाजूनं होते. पण चिठ्ठी मागायला आलेल्या माणसाला पाटी दाखवतात, ही कुठली रीत? चल, उठ."

मॅनेजर उठला. "दोन मिनिटांत टाइप करतो. बोला, काय लिहू?"

"टाइप नको," दीर म्हणाले. ते जिन्याच्या दिशेने निघालेही होते. "खाली दाखवायला मांडलेल्या खिळ्यांच्या पेट्या, त्या जुन्या केसा आहेत. खिळे पुरतील. माझ्या हातानं पडलेलं नाव आहे, माझ्याच हातानं उभं राहू दे."

जाऊबाई खळ करायला वर राहिल्या, बाकी सगळे त्यांच्या मागून खाली गेले. बंद यंत्रांमध्ये पायाने चालवायचे जुने छपाई यंत्र फुलदाणीसारखे शोभेला ठेवले होते. दिरांनी केसांवरची काच उचलली, बोटे झटकली आणि उभ्याउभ्या जुळवायला घेतले. पहिली दुरुस्ती काकूंनी सांगितली. या कॅलेंडरातली चित्रे कोणाची, कुठल्या पुस्तकातली, कोणी अभ्यासासाठी उतरवली. दुसरी दिरांनी स्वतःच जुळवली. चित्रकाराचे नाव ते खणाकडे न बघता, आडनावासकट, एकेक खिळा उचलून लावत होते. अडतीस वर्षांत ते विसरले नव्हते.

काकूंनी साच्यातली उलटी अक्षरे वाचली. "'दुसऱ्या आवृत्तीत नाव गाळले गेले'? कोणी गाळलं, वाऱ्यानं?"

दिरांनी तीन शब्द उचलले आणि त्या जागी 'आम्ही नाव गाळले' बसवले.

"आम्ही," मॅनेजर वाचत म्हणाला. "मी तर जन्मलोही नव्हतो."

"पाटीचं भाषण करताना कोण होतास?" लेकीने विचारले. त्याने शाईचा डबा उघडला.

पहिले प्रूफ निघाले तेव्हा साडेबारा झाले होते. ओली चिठ्ठी दोन बोटांत धरून काकू खिडकीपाशी गेल्या. एकेक अक्षर त्यांनी पाहिले. मग अंबाड्यात खोचलेली लाल पेन्सिल काढली आणि दुसऱ्या ओळीच्या शेजारी, कोऱ्या समासात, एक ठिपका दिला.

दिरांचा चेहरा उतरला. "चूक राहिली का वहिनी?"

"नाही. जुळणी चोख आहे."

"मग हा?"

काकूंनी चिठ्ठी यंत्राच्या फळीवर ठेवली. "ज्या माणसानं मला माझं नाव वाचायला शिकवलं, त्यानं हे कसं केलं? इथे मला कळलं नाही."

वरून खळ ढवळल्याचा आवाज येत होता. मॅनेजर पुढे आला, त्याने चिठ्ठी उचलली आणि ठिपक्याकडे बघत राहिला. बोट त्याच्या जवळ नेले आणि मागे घेतले.

"काकू," त्याने विचारले, "हा ठेवायचा ना?"

काकूंनी त्याच्या हातात लाल पेन्सिल दिली.

"सहाशे चिठ्ठ्या आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीवर एक. बस इथे."